नेट, नळ आणि नरहरी

हेमचंद्र वैजापूरकरांना नातू झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी देवाला हात जोडायच्या आधी राऊटरकडे बघितलं. राऊटरवर लाल दिवा होता. नातू जर्मनीत, आजोबा चिकलठाण्याच्या अलीकडच्या एका रो-हाउसांच्या गल्लीत, आणि दोघांच्या मधे ही एवढीशी पांढरी डबी. डबीची मर्जी असली की नातवाचं तोंड दिसायचं, नसली की पडद्यावर एक गोल गरगर फिरत राहायचा. पहिल्या आठवड्यात हेमचंद्ररावांनी नातवापेक्षा तो गोलच जास्त बघितला, आणि शेजाऱ्यांना मात्र 'अगदी माझ्या वडिलांचं नाक आहे हो' असं सांगून मोकळे झाले.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवरून बघायचं की! बघितलं असतं. पण मोबाइलला रेंज होती ती नुसती बोलण्यापुरती; तोंड दिसेल एवढी रेंज वैजापूरकरांच्या घरात यायची ती फक्त न्हाणीघरात, खिडकीशी, आणि तीही बादलीवर उभं राहिलं तर. आणि कालिंदीबाईंनी पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलं होतं, "माझ्या नातवाला मी पहिल्यांदा बघणार ती काही बादलीवर उभी राहून बघणार नाही." तिथं अपिलाला जागा नव्हती.

एरवी हेमचंद्ररावांनी हेही सहन केलं असतं. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्की केलेल्या माणसाला वाट बघण्याचं वावडं नसतं, उलट वाट बघायला लावण्यातच त्याची हयात गेलेली असते. पण यावेळी गोष्ट बारशाची होती. मुलगा हिमांशू आणि सून मोनिका यांनी बाळाचं नाव आधीच ठरवलं होतं, 'नील'. (मोनिका हे नाव ऐकून सगळ्या गल्लीनं वैजापूरकरांची सून गोरी मड्डम असल्याचं ठरवून टाकलं होतं. ती निघाली जालन्याची. गल्लीची ती निराशा अजून पुरती गेलेली नाही.) हेमचंद्ररावांना मात्र नाव हवं होतं त्यांच्या वडिलांचं. नरहरी.

"बाबा, इथल्या लोकांना नरहरी म्हणताच येणार नाही," हिमांशू म्हणाला.

"त्यांना येऊ नये. मला येतं," हेमचंद्रराव म्हणाले आणि गोल फिरायला लागला.

पुढं चार संध्याकाळी हा तह तुटक्या लायनीवर चालला. शेवटी ठरलं असं की कागदावर नील, पण पाळण्यात, आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून जे नाव सांगते ते नरहरी. आत्या म्हणजे हिमांशूची बहीण स्वराली, चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात नोकरीला होती आणि आईवडिलांजवळच राहत होती. तिला काही जर्मनीला जायची रजा मिळेना. म्हणून मोनिकानं तिकडं फोन बाळाच्या कानाशी धरायचा आणि आत्यानं इकडून कुर्र करायचं. कानात पडलेलं नाव खरं, बाकी सगळी कागदपत्रं, असं हेमचंद्ररावांनी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर वडील गेल्यापासून ते नाव घरात कुणी उच्चारलंच नव्हतं. आणि त्या नावानं घरात पुन्हा कुणाला तरी हाक मारावी, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात होती. त्या इच्छेच्या आणि त्यांच्या मधे आता लाल दिवा होता.

त्यांनी आधी रीतसर तक्रार केली. कंपनीचं नाव 'अतिवेग'. मराठीसाठी नऊ दाबा, बिलासाठी दोन दाबा, पुन्हा ऐकण्यासाठी शून्य दाबा, असं सगळं दाबून झाल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, आपलं शहर?"

"छत्रपती संभाजीनगर."

"सर, हे नाव सिस्टीममध्ये दिसत नाहीये."

"अहो, मी इथं राहतो!"

"हो सर, पण सिस्टीममध्ये नाहीये."

आपण ज्या गावात साठ वर्षं पाणी भरलं ते गावच नाही, असं ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. पण कचेरीत त्यांनी स्वतः हेच वाक्य हजारो लोकांना ऐकवलं होतं, त्यामुळे त्यांना रागावण्याचा नैतिक अधिकार नव्हता. "मग जुनं नाव टाका," ते म्हणाले. जुनं नाव चटकन सापडलं, तक्रार नोंदली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोनसुद्धा आला.

"सर, हम आपके गेट पर खड़े हैं. निकलिए."

हेमचंद्रराव बनियनवर बाहेर धावले. गेटवर कुणी नव्हतं. "किधर हो भाई?"

"नीम के नीचे, सर. बग़ल में चाय का ठेला है."

समोर कडुनिंब होता. शेजारी चहाची गाडी होती. कडुनिंबाखाली समोरच्या घरातले कारभारी मिसरी लावत बसले होते. हेमचंद्ररावांनी त्यांना खालून वर न्याहाळलं आणि संशयानं विचारलं, "तुम्ही अतिवेगकडून आलात का?"

"म्या घरून आलोय सायेब," कारभारी म्हणाले.

"सर, सामने हनुमान जी का मंदिर भी है," फोन म्हणाला.

मंदिरही होतं! हेमचंद्ररावांनी मंदिराला प्रदक्षिणा घातली, चहावाल्याची उलटतपासणी घेतली, निंबाच्या मागं जाऊन बघितलं. पोटऱ्या भरून आल्यावर त्यांना सुचलं की माणसाला राज्य विचारावं. तो बिहारात होता. तिकडंही एक औरंगाबाद आहे, आणि तिथंही लिंब, चहा आणि मारुती आहेत. माणूस मोठा सज्जन, म्हणाला, इतक्या लांब यायला त्याला काही हरकत नाही पण साहेब सोडणार नाहीत. संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला की ग्राहक पत्त्यावर आढळला नाही, सबब तक्रार निकाली. 'सबब निकाली' हा आपल्याच दौतीतला शब्द आपल्याच पेकाटात बसलेला बघून हेमचंद्रराव त्या रात्री जेवले नाहीत. म्हणजे भात नको म्हणाले.

या प्रसंगाचा तोटा असा झाला की कारभाऱ्यांना सगळं कळलं. कारभारी मूळचे लासूर स्टेशनकडचे, चांगले बागायतदार. शेती पोरांवर सोपवून समोरच्या घरात राहायला आलेले. शेती सुटली, पण राखण करायची सवय सुटली नव्हती. शेत नाही तर गल्ली. बिनकामाचा सल्ला द्यायला त्यांना कधी उसंत लागत नसे.

"सायेब, डबं उंचावर ठिवा. हवा लागली पायजे त्याला."

राऊटर फ्रिजवर गेला. तिथून कपाटावर. तिथून, आणखी उंच जागा उरली नाही म्हणून, देवघराच्या फळीवर. तिथं कालिंदीबाई रोज पूजा करताना सवयीनं त्यालाही हळद-कुंकू वाहू लागल्या, त्यामुळे लाल दिवा लागलाय की नुसतंच कुंकू, हे कळेना. नेटमध्ये काडीचा फरक पडला नाही.

"मंग कंपनी बदला," कारभारी म्हणाले. "आपला बन्सी हाय ना! सुसाट फायबर. स्वस्तात देतंय. माझ्याकडं त्याचंच हाय, एकदम झकास चालतंय."

स्वस्त हा शब्द ऐकला की वैजापूरकर घराण्यात एक वेगळीच चपळाई येते. हेमचंद्ररावांनी बन्सीला बोलावलं. बन्सी म्हणजे चाळिशी ओलांडलेला, भरघोस मिशांचा गृहस्थ. पूर्वी केबल टीव्हीच्या वायरी टाकायचा, मग लोकांनी टीव्ही बघणं सोडलं तसा त्याच वायरींच्या शेजारी नेटच्या टाकायला लागला. कंबरेला पक्कड, कानाला सतत फोन, आणि सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर: "टेन्शन नको घेऊ काका, हो जाएगा."

हेमचंद्ररावांनी सगळे प्लॅन चष्मा लावून वाचले. एका स्वस्त प्लॅनवर 'अमर्याद' असं छापलेलं होतं आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती.

"अमर्याद म्हणजे नक्की किती?"

"अमर्याद म्हंजे लई, काका. पर मर्यादेत."

"आणि स्पीड?"

"तुम्ही बोट ठिवायच्या आत यील."

घासाघीस झाली. बन्सीनं आणखी सूट दिली, वर एक टीव्हीची जोडणी फुकट कबूल केली. हेमचंद्रराव अतिवेगला रामराम ठोकून सुसाट झाले आणि दोन दिवस गल्लीत जरा छाती काढून फिरले. तिसऱ्या दिवशी लाल दिवा लागला. तोच, तसाच.

"असं कसं बन्सी? कंपनी नवी, प्लॅन नवा!"

"कंपनी नवी हाय काका, वायर तीच हाय," बन्सी शांतपणे म्हणाला. "अतिवेगचं काम बी या गल्लीत म्याच बघतो. वायरला काय ठावं कंपनी कुठली?"

"मग मी बदललं काय?"

"बिल बदललं की! स्वस्त झालं ना?"

झालं होतं स्वस्त. हेमचंद्ररावांना जन्मात पहिल्यांदा स्वस्त झाल्याचा पश्चात्ताप झाला.

इथं कालिंदीबाईंनी तोंड घातलं. "मला विचाराल तर सांगते. नळाला पाणी आलं की नेट जातं."

आमच्या गावात पाणी रोज येत नाही हे काही मी नव्यानं सांगायला नको. पाण्याचा दिवस असतो, आणि त्या दिवशी गल्लीत दुसरं काहीही नसतं. सगळे माठ, कळश्या, पिंप आणि मोटारी यांच्यात बुडालेले. वैजापूरकरांनी मात्र घर बांधताना जमिनीखाली मोठा हौद करून घेतला होता, तो आपोआप भरायचा. त्यामुळे पाण्याच्या दिवशी अख्ख्या गल्लीत रिकामटेकडे तेवढे हे दोघं, आणि नेट गेल्याचं कळायचं तेही यांनाच.

"पाण्याचा आणि इंटरनेटचा काय संबंध?" हेमचंद्रराव हसले. "उद्या म्हणशील दूध उतू गेलं की वीज जाते. ते प्रकाशावर चालतं, प्रकाशावर! काचेचा तंतू असतो."

"असेल बाई काचेचा. पण पाण्यानं जातो," कालिंदीबाई म्हणाल्या आणि घुगऱ्यांसाठी गहू निवडायला बसल्या.

बारशाचा रविवार उजाडला. पाण्याचा दिवस नव्हता. सकाळपासून हिरवा दिवा. तरीही हेमचंद्ररावांनी खबरदारी म्हणून बन्सीला बारशाचं खास आमंत्रण दिलं होतं आणि पाहुण्यांच्या मधोमध, राऊटरच्या बरोबर खाली, पाटावर बसवलं होतं. त्याला कारण नसताना दोनदा पेढा दिला. दवाखान्यात डॉक्टरला समोर बसवून ठेवावं तसा हा प्रकार होता.

इकडं पाळणा सजवला होता, त्यात बाळाच्या जागी वरवंट्याला कुंची घालून निजवलं होतं. गल्लीतल्या बायका जमल्या, कारभाऱ्यांच्या आवडाबाई पुढं होऊन 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करत वरवंटा पाळण्याखालून वरून फिरवू लागल्या. टॅबलेटच्या पडद्यावर तिकडचा पाळणा, तिकडच्या मराठी मंडळाच्या साड्या नेसलेल्या बायका, मोनिकाच्या मांडीवर झोपलेलं बाळ. हेमचंद्रराव टॅबलेटच्या आणखी जवळ सरकले. नरहरी. आता मिनिटभरात नरहरी.

"हं आत्याबाई, करा कुर्र!" तिकडून हिमांशू म्हणाला. मोनिकानं फोन बाळाच्या कानाशी नेला. पडद्यावर आता नुसता एक कान दिसायला लागला. इकडं सगळ्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या राहिल्या, कारण नाव सांगणारीला बडवायचं ही रीतच आहे. स्वराली वाकली.

"कुर्र्र्र..."

आणि गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "पाणी आऽऽलं!"

कुठली तरी पाइपलाइन दुरुस्त झाली होती म्हणे, म्हणून अवेळी सोडलं. झालं! उगारलेले हात तसेच खाली आले. एक बाई पाठमोरी झाली, तिच्या मागं दुसरी, आणि 'आलेच हं', 'घुगऱ्या राहू द्या माझ्या' म्हणत अख्खं बारसं चपला घालून पसार झालं. आवडाबाईंनी वरवंटा घाईघाईत कालिंदीबाईंच्या ओटीत दिला. घरात उरले वैजापूरकर आणि बन्सी. आणि थोड्याच वेळात डोक्यावर लाल दिवा लागला. पडद्यावर बाळाचा कान थिजला आणि त्याच्यावर गोल फिरू लागला.

"बघा!" कालिंदीबाई म्हणाल्या.

बन्सी मात्र एकदम कपाळावर हात मारून उठला. "आरारारा! काका, डबं!"

"कसलं डबं?"

"गल्लीचं मेन डबं कारभारी अण्णाच्या जिन्याखाली बसवलंय. त्यांचीच लाइट घेतलीय, बदल्यात त्यांना नेट फुकट. अण्णांनी मोटार लावली वाटतं!" आणि तो चपला न घालता समोरच्या घरात पळाला.

आता हेमचंद्ररावांच्या डोक्यात प्रकाश पडला. कारभाऱ्यांच्या जिन्याखाली प्लग एकच. पाणी आलं की कारभारी डब्याची पिन काढून मोटारीची पिन खुपसायचे, पाणी गेलं की पुन्हा डबं लावायचे. त्यांचंही नेट जायचंच, पण पाणी भरताना नेट बघतंय कोण? हाच मनुष्य इतके दिवस डबं उंचावर ठिवा म्हणत होता! हेमचंद्ररावांनी टॅबलेट उचलला आणि ओट्यावर येऊन उभे राहिले. स्वराली त्यांच्या मागं, कुर्र तोंडातच धरून.

"कारभारी! मोटार काढा!"

"सायेब, पाणी चाललंय!" अंगणातून कारभारी ओरडले. "अर्धा घंटा बी येत नाय!"

"माझ्या नातवाचं नाव राहिलंय!"

"नाव कुठं पळून जातंय व्हय? पाणी जातंय!"

युक्तिवाद बिनतोड होता. पण तेवढ्यात आतून आवडाबाई कळशी घेऊनच बाहेर आल्या. "अवो, लेकराच्या कानाशी फोन धरून बसलेत तिकडं समदे! काढा ती मोटार आधी. तुमच्या आंघुळीला एवढं काय अडलंय? काल कुठं केली होती?"

गल्लीसमोर हे बोलणं झाल्यावर कारभाऱ्यांपुढं दुसरा मार्ग राहिला नाही. मोटारीचा आवाज थांबला. "लावा डबं! पर लवकर नाव ठिवा, सायेब!" ते हात हलवत ओरडले. "पाणी चाललं, पाणी चाललं!"

"काका, लावलं! बघा आलं का?" जिन्याखालून बन्सी.

"नाही रे!"

"आता?"

"गोलच फिरतोय!"

बन्सीनं काय केलं ते तो आणि त्याची पक्कड जाणे. त्याचा आवाजच येईना. इकडं कारभारी पाण्यासाठी नाचतायत, तिकडं बाळ उठून रडलं तर सगळंच मुसळ केरात. हेमचंद्ररावांचा धीर सुटला. टॅबलेट छातीशी धरून, कचेरीत शिपायाला मारायचे तशी त्यांनी सगळ्या जोरानिशी हाक मारली:

"बन्सीऽऽऽ!"

आणि नेमकं त्याच क्षणी नेट आलं.

इकडं 'कुर्र' झालेलं होतं. तिकडं मोनिकानं इतका वेळ फोन कानाशी तसाच धरून ठेवला होता आणि मंडळाच्या बायका श्वास रोखून वाकल्या होत्या. त्या शांततेत स्पीकरमधून स्वच्छ, खणखणीत, एकदाही न अडकता नाव आलं. तिकडं एकच जल्लोष झाला. टाळ्या वाजल्या, आत्या हाताशी नव्हती म्हणून बायकांनी मोनिकालाच बडवलं.

"बाबा!" हिमांशूचा चेहरा पडद्यावर आला, डोळ्यांत पाणी. "नरहरी म्हणणार होतात ना? शेवटच्या क्षणी आमच्यासाठी बदललंत! बन्सी! काय सुंदर नाव शोधलंत!"

"कृष्णाची बासरी!" मोनिका म्हणाली. "बाबा, खरं सांगू? नरहरीचं मला जरा टेन्शनच आलं होतं."

"अरे, ते नाव नाही! तो वायरवा..." हेमचंद्रराव बोलू लागले आणि कालिंदीबाईंनी मागून त्यांच्या दंडाला असा चिमटा घेतला की वाक्य तिथंच संपलं.

"कानात पडलं ते पडलं," त्या पुटपुटल्या. "बारसं काय पुन्हा पुन्हा करतात?"

"आणि आत्या मी होते!" स्वराली म्हणाली. तोंडातलं नाव तोंडातच राहिल्यानं ती चांगलीच फुरंगटली होती. "माझा मान तुम्ही घेतलात बाबा."

हे तिनं म्हणायला नको होतं. कारण पाणी तोवर गेलं होतं आणि गल्लीतल्या बायका ओल्या हातांनी परतत होत्या. नाव सांगणाऱ्याला बडवायची रीत आहे, आणि नाव कुणी सांगितलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. शासनाच्या सेवेत पस्तीस वर्षं ज्या पाठीला कुणी बोट लावलं नाही, त्या पाठीत आवडाबाईंनी पहिला धपाटा घातला. त्यांचं पिंप अर्धंच भरलं होतं, त्यामुळे तो जरा जोरातच बसला.

सगळे गेल्यावर हेमचंद्रराव देवघरासमोर खुर्ची टाकून बसले. वाईट वाटत होतंच. वडिलांचं नाव कानापर्यंत पोचलं होतं आणि एका प्लगसाठी मागं फिरलं. जिन्याखाली बन्सी डब्यासाठी वेगळा प्लग बसवत होता, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता की सायबाच्या नातवाला त्याचं नाव ठेवलंय, साऱ्या गल्लीदेखत ठेवलंय, आता या घराला बिलात आणखी सूट.

टॅबलेट वाजला. मोनिका होती. "बाबा, केव्हाचा रडतोय. तुम्ही एकदा हाक मारून बघता?"

पडद्यावर रडून लाल झालेला एवढासा चेहरा होता. नाक खरंच नरहरीरावांचं होतं, या वेळी त्यांनी ते नीट बघून घेतलं. त्यांनी घसा साफ केला, इकडंतिकडं बघितलं. दार उघडं होतं याकडं मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही.

"बन्सी," ते म्हणाले. रडणं थांबलं. ते पुढं झुकले. "बन्सी! अरे बन्स्या, लबाडा, गधड्या, किती रडवशील आईला?"

बाळ टक लावून आवाजाकडं बघू लागलं. आणि समोरच्या जिन्याखालून रागावलेला आवाज आला:

"ओ काका, शिव्या कामून देता? लाइन चालू हाय ना!"